शाळेत वेब फिल्टर बसवताय? आधी नेट कुठून कुठून आत येतंय ते शोधा

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. परळची मराठी माध्यमाची शाळा, दोन लॅब मिळून ६० कॉम्प्युटर, ऑफिस आणि टीचर्स रूमला वायफाय, २०० एमबीपीएसची फायबर लाइन. ट्रस्टने वेब फिल्टर अप्लायन्स (नको त्या साइट्स अडवणारा डबा) घेऊन दिला, तुम्ही तो लावला, अ‍ॅडल्ट, गेमिंग, सोशल मीडिया ब्लॉक केलं. आता लॅबमध्ये निम्म्या साइट्सवर सर्टिफिकेट एरर (ही साइट खरी असल्याची खात्री नाही, अशी ब्राउझरची सूचना) येतेय आणि मोबाईलवर यूट्यूब, इन्स्टा सगळं मस्त चालू आहे. डबा खराब निघाला का, परत करायचा का?

परत नका करू. मी गेली १८ वर्षं मुंबईत हेच काम करतोय, ऑफिसं, शाळा, अभ्यासिका, दोन-तीन दवाखाने पण, आणि तुम्ही सांगताय ती दोन्ही लक्षणं जवळपास प्रत्येक ठिकाणी पहिल्या आठवड्यात दिसतात. डबा त्याचं काम करतोय, फक्त मोबाईलचं ट्रॅफिक त्याच्यातून जातच नाहीये, आणि जे जातंय त्यातलं सर्टिफिकेटचं काम अर्धवट राहिलंय. काय ब्लॉक करायचं ही यादी आत्ता बाजूला ठेवा, ती सगळ्यात सोपी आहे, ती शेवटी.

एक कोरा कागद घ्या आणि केबल हातात धरून चाला. अक्षरशः. लाइन शाळेत कुठून येते, ती भिंतीवरच्या फायबरच्या डब्यात जाते, तिथून राउटर (बहुतेक वेळा दोन्ही एकच असतं), राउटरमधून कुठला पोर्ट कुठे जातो, मेन स्विच (विजेचा नाही, नेटच्या वायरी एकत्र जोडणारा) कुठे, लॅबचे स्विच कुठे, अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारं यंत्र) कशाला लागलाय. सगळं काढा. मला खात्री आहे की तुमच्याकडे कंपनीने दिलेल्या राउटरचा स्वतःचा वायफाय चालूच आहे आणि टीचर्स रूममधले मोबाईल त्याच्यावर आहेत. तो राउटर तुमच्या फिल्टरच्या अलीकडे आहे, म्हणजे इंटरनेटच्या बाजूला, त्याच्या वायफायवर जोडलेला मोबाईल थेट बाहेर जातो, फिल्टरला तो दिसतच नाही. राउटरचं पेज उघडून वायफाय बंद करा, २.४ आणि ५ दोन्ही बँड, आणि फिल्टरच्या पलीकडे, मेन स्विचला, वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. राउटरच्या बाकीच्या लॅन पोर्टांत काही खोचलेलं असेल तर तेही काढा, राउटरमधून एकच वायर निघाली पाहिजे आणि ती फिल्टरच्या वॅन, म्हणजे इंटरनेटकडच्या, पोर्टातच गेली पाहिजे.

दुसरी लाइन आहे का हेही विचारा, आणि फक्त मुख्याध्यापिका बाईंना नाही, शिपाईकाकांना पण विचारा, कारण वायर कोणी कधी ओढली हे त्यांनाच आठवत असतं. अंधेरीला एमआयडीसीत एका ऑफिसमध्ये मी दोन दिवस डोकं फोडत होतो, काही मशीनवर फिल्टर लागायचा, काहींवर नाही, आणि रोज वेगळ्या मशीनवर. शेवटी पँट्रीत फ्रीजच्या मागे केबलवाल्याचा जुना राउटर सापडला, कोणीतरी त्याची वायर स्विचला लावून ठेवलेली आणि तो पण आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) वाटत होता. सकाळी मशीन चालू केल्यावर ज्याचं उत्तर आधी मिळेल त्याचा आयपी घ्यायचं. तुमचा स्विच मॅनेज्ड (ज्याची सेटिंग बदलता येते असा) असेल तर त्यात डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय असते, ती चालू करा, मग ठरवलेला पोर्ट सोडून दुसरीकडून कोणी आयपी वाटू शकत नाही.

आता डबा कुठल्या मोडमध्ये ठेवायचा. साधारण तीन पर्याय असतात. ब्रिज मोडमध्ये तो राउटर आणि मेन स्विचच्या मध्ये गुपचूप बसतो, कुणाचा आयपी बदलायला लागत नाही, फक्त डब्याला स्वतःला मॅनेजमेंटसाठी एक आयपी द्यायचा. प्रॉक्सी मोडमध्ये प्रत्येक ब्राउझरला सांगावं लागतं की बाबा ह्याच्यामार्फत जा, कॉम्प्युटरवर ते जमतं, मोबाईल अ‍ॅप्सचा भरवसा नाही. गेटवे मोडमध्ये डबाच राउटर होतो, आयपी तोच वाटतो, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारी सेवा) त्याचाच, वेगवेगळ्या व्हीलॅन (एकाच वायरिंगवर वेगळे ठेवलेले गट) पण तोच सांभाळतो. माझं मत विचाराल तर आत्ता वर्ष चालू आहे, मुलांची प्रॅक्टिकल्स आहेत, ब्रिज मोडमध्येच राहा. दिवाळीच्या सुट्टीत गेटवे मोडवर जा आणि तीन व्हीलॅन करा: लॅब, ऑफिस, शिक्षकांचे मोबाईल. कंपनीच्या राउटरला सहसा व्हीलॅन कळत नाहीत, म्हणून ती विभागणी ब्रिजमध्ये असताना करायला गेलात तर अडकाल.

ब्रिज मोडमध्ये एक प्रश्न आधीच सोडवून ठेवा. डब्याची वीज गेली किंवा तो हँग झाला तर काय व्हायला हवं? काही डब्यांत बायपास पोर्टची जोडी असते, वीज गेली की आतला रिले दोन पोर्ट सरळ जोडून टाकतो, नेट चालू राहतं पण फिल्टरशिवाय. मुलांच्या लॅबसाठी मी हे बंद ठेवतो, फिल्टर नसेल तर नेट पण नको. पण दहावी-बारावीचे फॉर्म भरायच्या दिवसांत ऑफिसला नेट नसून चालत नाही हे मला माहितीये. म्हणून एक लाल पॅच कॉर्ड लेबल लावून रॅकमध्ये ठेवतो आणि रॅकची चावी बाईंकडे. डबा मेलाच तर लॅबच्या स्विचची वायर काढायची आणि मगच ती लाल कॉर्ड राउटर ते मेन स्विच लावायची. हे कागदावर मराठीत लिहून रॅकच्या दाराच्या आतून चिकटवा, तुम्ही रजेवर असताना उपयोगी पडतं.

आता ज्या पळवाटा केबल तपासून दिसत नाहीत त्यांच्याकडे येऊ. इथे जरा वेळ घ्या, खरी मेहनत इथेच आहे.

पहिली आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर लाइन आता आयपीव्ही६ आपोआप देतात आणि मोबाईल, विंडोज दोघंही ते मिळालं की आधी तेच वापरतात. तुमच्या डब्यावर सगळे रूल आयपीव्ही४ चे लिहिलेले असतील आणि आयपीव्ही६ सरळ पास होत असेल तर गूगल, यूट्यूब, फेसबुक सगळं त्या रस्त्याने जातंय, कारण या तिन्हींना आयपीव्ही६ कधीपासून आहे. लॅबच्या एका मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग मारा, २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर हेच आहे. डब्याला आयपीव्ही६ नीट कळत असेल तर तेच सगळे रूल तिकडेही लावा, कळत नसेल तर राउटरवरच आयपीव्ही६ बंद करा. शाळेच्या कामाचं काही अडत नाही त्याने.

दुसरी क्विक. गूगलने बनवलेला हा प्रोटोकॉल २०२१ मध्ये अधिकृत स्टँडर्ड झाला, क्रोम आणि यूट्यूब अ‍ॅप त्याच्यावरच चालतं. तो टीसीपी न वापरता यूडीपी ४४३ वापरतो (टीसीपी, यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती, ४४३ हा पोर्टचा, म्हणजे त्या सेवेच्या दाराचा नंबर) आणि बऱ्याच फिल्टरना त्याच्या आत बघता येत नाही. बाहेर जाणारा यूडीपी ४४३ ब्लॉक करा, बस्स. ब्राउझर आपोआप टीसीपीवर परत येतो, मुलांना काही कळत पण नाही, आणि फिल्टरला साइटचं नाव दिसायला लागतं. गूगल मीटसाठी यूडीपी ३४७८ लागतो, तो मात्र चालू ठेवा.

तिसरी डीएनएस. मुलं हुशार असतात, मोबाईलमध्ये प्रायव्हेट डीएनएस बदलणं आठवीतल्या पोराला येतं. बाहेर जाणारा पोर्ट ५३ फक्त तुम्ही ठरवलेल्या डीएनएसलाच जाऊ द्या, बाकी सगळा बंद. फुकटात हवं असेल तर क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ आणि १.०.०.३, हा व्हायरसवाल्या आणि अ‍ॅडल्ट साइट्स डीएनएसलाच अडवतो, फिल्टरच्या आधीची एक चाळणी म्हणून मला आवडतो. पोर्ट ८५३ पूर्ण बंद, त्यावर एन्क्रिप्टेड डीएनएस चालतो. अवघड आहे तो एचटीटीपीएसमधून जाणारा डीएनएस, तो ४४३ वरच जातो आणि साध्या वेबसाइटसारखाच दिसतो. त्यासाठी डब्यात तयार यादी असते, डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस किंवा प्रॉक्सी अव्हॉइडन्स अशा नावाची कॅटेगरी, ती ब्लॉक करा. फायरफॉक्ससाठी एक सोय मोझिलानेच करून ठेवलीये: यूज-अ‍ॅप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट हे नाव तुमच्या डीएनएसने अस्तित्वातच नाही असं सांगितलं की फायरफॉक्स स्वतःहून चालू केलेला एन्क्रिप्टेड डीएनएस बंद करतो. मुलाने हाताने चालू केला असेल तर मात्र ऐकत नाही, म्हणून यादीही लागतेच. आयफोनवाल्या शिक्षकांसाठी मास्क डॉट आयक्लाउड डॉट कॉम आणि मास्क-एच२ डॉट आयक्लाउड डॉट कॉम ही दोन नावं पण अशीच नाहीत म्हणून सांगा, मग अ‍ॅपलची प्रायव्हेट रिले (ट्रॅफिक लपवून नेणारी सोय) चालत नाही.

व्हीपीएनचं (ट्रॅफिक लपवून दुसऱ्याच सर्व्हरमार्फत नेणारी सोय) म्हणाल तर एकेक पोर्ट शोधून बंद करत बसू नका, उलट करा. बाहेर जायला टीसीपी ८०, ४४३, मेलचे ५८७ आणि ९९३, घड्याळाचा यूडीपी १२३, मीटचा ३४७८, तुमचा डीएनएस, एवढंच चालू आणि बाकी सगळं बंद. ४४३ मधून जाणारे व्हीपीएन कॅटेगरीने जेवढे अडतील तेवढे. आणि मुलाच्या खिशातला मोबाईल डेटा हा डबा कधीच अडवू शकत नाही, हे ट्रस्टींना आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर उद्या एखाद्या पालकाची तक्रार आली की बोट तुमच्याकडे.

आता सर्टिफिकेट एरर. तुमच्या डब्यात एसएसएल इन्स्पेक्शन चालू झालंय. म्हणजे डबा मध्ये बसून एचटीटीपीएस उघडतो, वाचतो आणि स्वतःच्या सर्टिफिकेटने पुन्हा बंद करून पुढे देतो. ब्राउझरला ते सर्टिफिकेट ओळखीचं नाही, म्हणून तो ओरडतो, आणि त्याचं ओरडणं बरोबर आहे. डब्याचं रूट सर्टिफिकेट प्रत्येक मशीनवर घालावं लागतं आणि ते लोकल मशीनच्या ट्रस्टेड रूटमध्ये, करंट यूजरमध्ये नाही, नाहीतर दुसऱ्या लॉगिनला परत एरर. जुना फायरफॉक्स फक्त स्वतःचं स्टोअर वापरायचा, २०२३ च्या शेवटापासूनचा विंडोजमध्ये घातलेलं सर्टिफिकेटही आपोआप बघतो, नसेल बघत तर त्याला पॉलिसीने तसं सांगता येतं. आणि डब्यात आधीपासून आलेलं सर्टिफिकेट वापरू नका, नवीन तयार करा. २०१२ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या सगळ्या डब्यांत एकच किल्ली निघाली होती, म्हणजे एक डबा उघडला की त्या कंपनीचे बाकीचे सगळे उघडे.

पण माझा खरा सल्ला वेगळाय. तुम्हाला सगळीकडे इन्स्पेक्शनची गरज नाहीये. साइटचं नाव कनेक्शन सुरू होताना अजूनही बहुतेक वेळा उघडं जातं, तेवढ्यावर कॅटेगरी फिल्टर चालतो. मोबाईलवर तर इन्स्पेक्शन लावूच नका, अँड्रॉइड ७ पासून बहुतेक अ‍ॅप्स यूजरने घातलेलं सर्टिफिकेट मानतच नाहीत, सगळी अ‍ॅप्स बंद पडतील आणि शिक्षक तुमच्यावर चिडतील, हकनाक. लॅबच्या ६० मशीनवर लावा, ऑफिसला आणि मोबाईलना फक्त नावावरून फिल्टर. आणि लॅबमध्येसुद्धा बँका, यूपीआय, दवाखाने, सरकारी लॉगिन, विंडोज अपडेट यांना वगळा. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी हे वगळायला विसरलो होतो, कार्डाचं मशीन आणि रिपोर्टचं सॉफ्टवेअर दोन्ही सकाळी आठला, ऐन रक्त द्यायच्या गर्दीत बंद पडलं. उपाशीपोटी आलेली म्हातारी माणसं अर्धा तास ताटकळली, ते अजून डोळ्यासमोर आहे. त्यानंतर वगळायची यादी मी आधी लिहितो.

एक गोष्ट अजून, इन्स्पेक्शन बंद असलं तरी ब्लॉक झालेल्या एचटीटीपीएस साइटवर ब्लॉक पेजच्या जागी सर्टिफिकेट एररच दिसते, कारण डबा दुसऱ्याच्या नावाने पान दाखवायला जातो. तो बिघाड नाही. शिक्षकांना सांगून ठेवा की अशी एरर आली तर प्रोसीड दाबायचं नाही, ती साइट अडवलेली आहे. मुलांना एरर दिसली की पुढे जा दाबायची सवय लागली तर उद्या घरी खऱ्या फसव्या बँकेच्या पानावरही तेच दाबतील, याची मला जास्त काळजी वाटते.

आता यादी. सगळ्या कॅटेगरी पहिले १५ दिवस फक्त मॉनिटरवर (अडवायचं नाही, नोंद तेवढी घ्यायची) ठेवा, अ‍ॅडल्ट, मालवेअर, फिशिंग, प्रॉक्सी आणि जुगार एवढं सोडून, ते पहिल्या दिवसापासून बंद. मग रिपोर्ट बघा, शिक्षकांना घेऊन बसा, आणि मग ठरवा. अनकॅटेगराइज्ड ही कॅटेगरी सरसकट ब्लॉक करू नका. परदेशातल्या कंपन्यांच्या यादीत छोट्या मराठी साइट्स, एखाद्या ग्रंथालयाचं पान, गडकिल्ल्यांची माहिती, गावच्या शाळेचा ब्लॉग, यातलं बरंचसं नसतंच, ते सगळं एका टिकेने गायब होतं, आणि आपल्या मुलांना आपल्याच भाषेतलं वाचायला मिळत नाही. त्याऐवजी न्यूली रजिस्टर्ड डोमेन ब्लॉक करा, फसव्या साइट्स बहुतेक नवीन डोमेनवर असतात.

शब्दांवरून ब्लॉक करायच्या भानगडीत पडू नका. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट कंपनीत खातं उघडता येत नव्हतं, कारण गावाच्या नावातली मधली अक्षरं शिवी होती. आपल्याकडे दीक्षित आडनाव इंग्रजीत लिहून बघा, तेच होतं. आणि देवनागरी शब्द तर पत्त्यात टक्क्याची चिन्हं आणि आकडे होऊन जातात, तुमच्या यादीशी ते जुळणारच नाहीत. वर दहावीच्या विज्ञानात प्रजनन शिकवायचंय, मुलींना पाळीबद्दल, स्तनाच्या कर्करोगाबद्दल वाचता आलं पाहिजे. लालबागच्या एका अभ्यासिकेत नर्सिंगची तयारी करणाऱ्या मुलींना शरीरशास्त्राची पानं उघडत नव्हती आणि लाजेने कोणी महिनाभर सांगितलं नाही. आरोग्य आणि लैंगिक शिक्षण ही कॅटेगरी बहुतेक डब्यांत अ‍ॅडल्टपासून वेगळी असते, ती चालू ठेवा. आणि ब्लॉक झालेलं पान उघडून मागायला एक वही लॅबच्या टेबलावर ठेवा, ज्यात नाव न लिहिता फक्त पत्ता लिहिता येईल. तुम्ही रोज संध्याकाळी ती बघा.

यूट्यूब पूर्ण बंद करू नका, अर्धं शिक्षण आता तिथेच आहे. डब्यात सेफसर्च (गूगलच्या शोधातले अश्लील निकाल गाळणारी सोय) आणि यूट्यूब रिस्ट्रिक्टेडची (नको ते व्हिडिओ गाळणारी) टिक असेल, ती लावा. नसेल तर डीएनएसमध्ये गूगलची नावं फोर्ससेफसर्च डॉट गूगल डॉट कॉमकडे वळवा, गूगल डॉट को डॉट इन विसरू नका. यूट्यूबला स्ट्रिक्ट आणि मॉडरेट असे दोन प्रकार आहेत, स्ट्रिक्टमध्ये खूप चांगले मराठी व्हिडिओ पण जातात, मी शाळांना मॉडरेट लावतो. दोन्हीत कॉमेंट्स दिसत नाहीत, हे फार बरं.

शिक्षकांच्या मोबाईलना मॅक अ‍ॅड्रेसवरून (फोनच्या वायफायच्या ओळख क्रमांकावरून) ओळखायला जाऊ नका, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खोटा मॅक दाखवतात. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या.

लॉगचं, म्हणजे कोण कुठल्या साइटवर गेलं त्या नोंदींचं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात लॉग १८० दिवस ठेवायला आणि घड्याळ एनआयसी (सरकारची माहिती-तंत्रज्ञान संस्था) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या सर्व्हरशी जुळवायला सांगितलंय, मी सगळीकडे तेच करतो, घड्याळासाठी समय१ डॉट एनआयसी डॉट इन. डब्याची डिस्क छोटी असते, लॉग एखाद्या जुन्या मशीनवर सिसलॉगने बाहेर पाठवा. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल आहे, तेव्हा कुठल्या मुलाने काय शोधलं हे टीचर्स रूममध्ये चर्चेला येता कामा नये. लॉगचा पासवर्ड तुमच्याकडे आणि बाईंकडे, तिसऱ्याकडे नाही. पालकसभेत सांगा की फिल्टर आहे आणि काय नोंदलं जातं. एखादं मूल स्वतःला इजा करण्याबद्दल शोधताना दिसलं तर ते शिस्तीचं प्रकरण करू नका, समुपदेशकांना गाठा, त्याच दिवशी.

डबा जिन्याखालच्या कपाटात आहे असं म्हणालात, तो तिथून हलवा. पावसाळ्यात परळला पाणी कसं भरतं ते तुम्हाला मी सांगायला नको. भिंतीवर छातीच्या उंचीला ६यूचा रॅक, स्वतंत्र यूपीएस, आणि राउटर पण त्याच यूपीएसवर.

आणि लायसन्सची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका, दोन महिने आधीची आठवण लावून, ट्रस्टच्या मीटिंगमध्ये खर्च मंजूर व्हायला तेवढा वेळ लागतो. मुदत संपली की काही डबे सगळं ब्लॉक करतात, ते लगेच कळतं. काही मात्र कॅटेगरी फिल्टर बंद करून सगळं सोडून देतात आणि पुढचा दिवा हिरवाच राहतो. तुमचा कुठल्या प्रकारातला आहे ते विकणाऱ्याकडून मेलवर लिहून घ्या.